यंत्राशीं बोललेलें खोटें

गेल्या पावसाळ्यांत एके रात्रीं आमच्या मंडळींतील एक तरुण आमच्या ओसरीवर येऊन बसला. तो साखर कारखान्याच्या हिशेब खात्यांत नोकरी करितो. सरळमार्गी, कष्टाळू, आईबापांस सांभाळून असणारा. बराच वेळ पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्यावर त्यानें एकदम विचारिलें, "पाळकसाहेब, माणसाशी खोटं बोलणं वाईट, हे मला ठाऊक आहे. पण जिथं माणूसच नाही, नुसतं यंत्र आहे, तिथं बोललेलं खोटं हे खोटं होतं का?"

प्रश्न ऐकून आम्हांस प्रथम हसूं आलें. परंतु त्याची हकीकत ऐकल्यावर तें हसूं मावळलें. हा प्रश्न एकट्या त्याचा नसून, आज खेडोपाडीं ज्याच्या ज्याच्या खिशांत मोबाइल आहे त्या सर्वांचा आहे, असें वाटल्यावरून तो वाचकांपुढें मांडीत आहों. त्या तरुणाच्या संमतीनेंच हें लिहिलें आहे. नांव मात्र कोणाचेंहि द्यावयाचें नाहीं, असें ठरलें आहे.

त्याचे वडील प्राथमिक शाळेचे निवृत्त शिक्षक. चाळीस वर्षांच्या संसारांत त्यांनीं कोणाचें देणें अंगावर ठेविलें नाहीं, असें सारा गांव सांगतो. गतवर्षीं त्यांनीं एका बँकेकडे क्रेडिट कार्डासाठीं अर्ज केला. आधार, पॅन, निवृत्तिवेतनाचा दाखला, सर्व कांहीं दिलें. आठ दिवसांनीं दोन ओळींचा निरोप आला, कीं अंतर्गत धोरणानुसार आपला अर्ज मान्य करितां येत नाहीं. कारण विचारावें म्हणून फोन केला, तों 'यासाठीं एक दाबा, त्यासाठीं दोन दाबा' असें म्हणणारा एकच आवाज अर्धा तास ऐकूं आला. अखेरीस तालुक्याच्या शाखेंतील एका भल्या कारकुनानें सांगितलें, कीं गुरुजींनीं कधीं कर्जच घेतलें नसल्यामुळें त्यांची पत कोठें नोंदलेलीच नाहीं.

मुलास मात्र कार्ड मिळालें. तालुक्याच्या बाजारांत मेज मांडून बसलेल्या विक्रेत्यानें सांगितलें, कीं नव्वद दिवसांत २०,००० रुपयांची खरेदी केल्यास २,००० रुपयांचें बक्षीस मिळेल. त्यानें गरजेचें घेतलें, बिनगरजेचेंहि थोडें घेतलें, व हिशेब करून रक्कम पुरी केली. बक्षीस आलें नाहीं. चौकशी करितां कळलें, कीं पेट्रोल व विम्याचा हप्ता ह्या रकमा बक्षिसासाठीं धरीत नाहींत. तसें नियमांत लिहिलें होतें. नियम बारीक अक्षरांत छापलेले होते, व त्यानें ते वाचले नव्हते.

पुढें आईसाठीं रक्तदाब मोजण्याचें उपकरण त्यानें ऑनलाइन मागविलें. चार दिवसांचा वायदा होता; आलें अकराव्या दिवशीं. मध्यंतरीं दोन वेळां 'ग्राहक घरीं नव्हता' अशी नोंद झाली, आणि त्या दोन्ही दिवशीं त्याची आई दिवसभर अंगणांत तांदूळ निवडीत बसलेली होती.

ह्या सर्वांचा राग मनांत असतां त्यानें १,१८० रुपयांचा बुटांचा जोड मागविला. तो वेळेवर आला. आईनें हातांत घेतला. त्या रात्रीं त्यानें ॲप उघडून 'वस्तु मिळाली नाहीं' ह्या ओळीवर बोट ठेविलें. तिसऱ्या दिवशीं सर्व पैसे परत आले. ज्या कंपनीनें त्याचें सत्य महिनाभर ऐकिलें नव्हतें, तिनें त्याचें खोटें तत्काळ ऐकिलें. "माझं जेवढं गेलं होतं, तेवढं वसूल केलं, दुसरं काय?" असें तो स्वतःशीं म्हणाला, व त्यास सुखाची झोंप लागली.

तीन आठवड्यांनीं दुसरें पार्सल घेऊन तोच पोऱ्या दारीं आला. शेजारच्या वाडीचा, विशीच्या आंतबाहेरचा, पावसानें चिंब भिजलेला. पार्सल देऊन तो जाईना. मग हळूच म्हणाला, "दादा, त्या दिवशी बुटांचा खोका मी आईंच्या हातात दिला होता ना? माझ्या हिशेबात ते पैसे धरले आहेत. रागावू नका, नुसतं विचारतो." आई घरांतून म्हणाली, "दिला होता की रे बाळा, मीच घेतला." तरुणानें मान खालीं घातली. त्याच रात्रीं तो आमच्या ओसरीवर आला होता.

वाचकहो, ह्या तरुणास दोष देण्यापूर्वीं त्याची तक्रार किती खरी आहे, हें न्यायानें पाहिलें पाहिजे. 'पत' हा आपल्या भाषेंतील जुना व वजनदार शब्द आहे. पत राखणें, पत जाणें, बाजारांत पत असणें, असें आपण म्हणतों, तेव्हां माणसाची अब्रू व त्याच्या शब्दाचें मोल हीं दोन्ही त्यांत येतात. आज तोच शब्द तीन आंकड्यांच्या एका संख्येस लावितात. आपल्या देशांत पतमाहिती ठेवणारी पहिली कंपनी २००० सालीं स्थापन झाली, २००५ सालीं अशा कंपन्यांविषयीं कायदा झाला, आणि आज बँका ३०० पासून ९०० पर्यंतच्या अंकावरून अर्जदाराची पारख करितात. हा अंक काय सांगतो? घेतलेलें कर्ज वेळेवर फेडलें कीं नाहीं, मिळालेल्या मर्यादेपैकीं किती वापरली, थोड्या दिवसांत किती ठिकाणीं अर्ज केले, असल्याच गोष्टी तो सांगतो. ज्यानें कर्ज घेतलेंच नाहीं, त्याच्याविषयीं तो मुका असतो. यंत्रानें गुरुजींस अप्रामाणिक म्हटलें नाहीं. 'मी ह्यांस ओळखीत नाहीं' एवढेंच म्हटलें. परंतु जन्मभर शब्द राखलेल्या माणसास हें उत्तर अपमानासारखें लागावें, ह्यांत नवल नाहीं.

बक्षिसाचेंहि तसेंच. फुकट म्हणून जें मिळतें, त्याचे पैसे कोणीतरी दिलेलेच असतात. कार्डानें खरेदी झाली म्हणजे दुकानदारास बहुधा शेंकडा दीड-दोन रुपयांच्या आसपास रक्कम बँकेकडे सोडावी लागते, आणि बक्षिसाच्या गुणांचा पैसा पुष्कळसा तेथून येतो. दुकानदार ती तूट मालाच्या भावांत घालितो. म्हणजे जी मोलकरीण रोख नाणें मोजून साबण घेते, तीहि कार्डवाल्याच्या बक्षिसाचा भार थोडाबहुत उचलिते. दुसरा पैसा व्याजाचा. कार्डावर बाकी राहिल्यास महिन्यास शेंकडा साडेतीन रुपयांच्या सुमारें व्याज पडतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. २०,००० रुपये बाकी ठेवून 'किमान देय' म्हणून शेंकडा पांच प्रमाणें १,००० रुपये भरले, तर त्यांतील ७०० व्याजांत जातात, त्या व्याजावरील १८ टक्के जीएसटीचे १२६ जातात, व मूळ रकमेंतून केवळ १७४ रुपये फिटतात. २,००० रुपयांच्या बक्षिसामागें धांवणाऱ्यानें हा हिशेब एकदां पाटीवर मांडून पाहावा.

तथापि कर्जदाराची अशी कोंडी कांहीं आजची नव्हे. सन १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांच्या दारीं जमले, व तो दंगा पुणें व अहमदनगर ह्या दोन्ही जिल्ह्यांतील गांवोगांवीं पसरला. दंगेकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नसून त्यांच्या कर्जरोख्यांवर होता. रोखे मिळवावे व जाळावे, हाच त्यांचा हेतु होता. कारण त्या कागदांत काय लिहिलें आहे, हें अंगठा उठविणाऱ्यास वाचतां येत नसे. आजचा 'मला मान्य आहे' हा चौकोन म्हणजे तो जुना अंगठाच होय. फरक इतकाच, कीं आतां वाचतां येत असूनहि आपण वाचीत नाहीं. त्या दंग्यानंतर चौकशी झाली, व १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा होऊन रोख्यामागील खरा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला. १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. जाळपोळीची भलावण आम्ही करीत नाहीं. परंतु एक गोष्ट ध्यानांत घ्यावी: ते शेतकरी भरदिवसा, आपल्या तोंडानें, ज्याच्यावर राग होता त्याच्याच दारीं गेले. आमच्या तरुणाचा राग मात्र अंधारांत निघाला, आणि भलत्याच्याच दारीं जाऊन पडला.

आतां मूळ प्रश्न. यंत्राशीं बोललेलें खोटें हें खोटें होय काय?

ह्यास पहिलें उत्तर त्या भिजलेल्या पोरानेंच दिलें आहे. यंत्र हें केवळ एक खिडकी आहे. खिडकीच्या पलीकडे कोणीतरी असतोच. आपण खिडकीवर दगड मारितों व म्हणतों, कीं कांच फुटली, तींत कोणाचें काय गेलें? पण दगड आंत कोणास लागला, हें आपणांस दिसत नाहीं. पूर्वींच्या सावकारास तोंड होतें. त्याच्याशीं भांडतां येत असे, व त्यास फसविलें तर कोण फसला हेंहि कळत असे. आजच्या व्यवहारांत धन्याचें तोंड कोठें दिसत नाहीं, व जें एकच तोंड आपल्या दारीं येतें तें सर्वांत गरिबाचें असतें. पार्सल पोंचविणाऱ्या पुष्कळांस नगामागें ठराविक पैसे मिळतात. मोटारसायकल त्यांची, पेट्रोल त्यांचें, आणि चुकलेल्या घराचा फेराहि त्यांचाच. १९७२ च्या १५ ऑगस्टला आपल्या देशांत पिनकोड सुरू झाला. ती योजना श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या संस्कृतज्ञ मराठी गृहस्थांची होती. त्या सहा आंकड्यांनीं पत्र आपल्या भागाच्या टपालकचेरीपर्यंत बिनचूक येतें. परंतु एकाच पिनकोडाखालीं कित्येक गांवें व वाड्या असतात, आणि तेथून पुढें 'पिंपळाजवळचें कौलारू घर' शोधावयाचें काम माणसाचेंच असतें. पूर्वीं पोस्टमन तें घर वर्षानुवर्षांच्या ओळखीनें जाणत असे. आजच्या पोरास तें उन्हांत, फोन कानाशीं धरून, घड्याळाच्या धाकाखालीं शोधावें लागतें. 'ग्राहक घरीं नव्हता' ही नोंद खोटी होती, हें आम्ही नाकारीत नाहीं. ती वाईटच होती. परंतु ती कोणी केली, कां केली, दिवसाचा आंकडा पुरा करण्यासाठीं त्याच्या मानगुटीवर कोण बसलें होतें, हें न विचारितां आपण शिक्षा देऊन मोकळे झालों, तर आपला न्याय त्या यंत्राच्या न्यायाहून निराळा तो कोणता?

दुसरें उत्तर असें. तरुणाच्या म्हणण्याचा गाभा हा, कीं त्यांनीं मला फसविलें, म्हणून मीं त्यांस फसविलें. हिशेब बरोबर झाला. हिशेब खात्यांतील माणसास हा युक्तिवाद सोपा वाटावा, हें साहजिक आहे. परंतु सत्य हें कांहीं असें देणें नव्हे, कीं समोरच्यानें दिलें तरच आपण द्यावें. तसें मानिलें, तर आपल्या शब्दाची किंमत आपण ठरवीत नसून आपणांस भेटलेली सर्वांत लबाड कंपनी ती ठरविते, असें होईल. गुरुजींच्या शब्दाची पत गांवांत आहे, ती सर्वांनीं त्यांच्याशीं सचोटीनें वागल्यामुळें नव्हे. त्यांसहि लबाड दुकानदार भेटले असतील, खोटीं मापें मिळालीं असतील. परंतु दुसऱ्याच्या खोट्या मापानें त्यांनीं आपलें माप बदललें नाहीं. यंत्रास जी पत दिसली नाहीं, ती हीच. आणि दुःखाची गोष्ट ही, कीं यंत्रानें बापाची पत ओळखिली नाहीं म्हणून रागावलेल्या मुलानें तीच पत १,१८० रुपयांस विकिली.

तिसरें उत्तर संवयीचें आहे. यंत्राशीं बोलतांना समोर डोळे नसतात. म्हणून जीभ अडखळत नाहीं, चेहरा लाल होत नाहीं, व खोट्याचा कांटा बोंचत नाहीं. परंतु ज्या मनानें आपण यंत्राशीं बोलतों, त्याच मनानें बायकोशीं, मुलांशीं व शेजाऱ्याशीं बोलावयाचें असतें. मनाला दोन कप्पे नसतात. चार वेळां बिनटोंचणीनें खोटें बोललेलें मन पांचव्या वेळीं टोंचणी कोठून आणणार? आमच्या तरुणास झोंप लागली, हेंच आम्हांस त्या हकीकतींतील सर्वांत भयंकर वाटलें. आणि आईच्या एका साध्या वाक्यानें तो जागा झाला, हें सर्वांत आशेचें.

येथें कोणी विचारील, "मग काय अन्याय मुकाट्यानें सोसावा?" मुळींच नाहीं. मुकाट्यानें सोसलेला अन्याय हा सद्गुण नव्हे. पुष्कळदां तो केवळ आळस असतो. आपलें म्हणणें उघड, लेखी, स्वतःच्या नांवानें व योग्य दारीं मांडावें. त्यासाठीं आज साधनें आहेत, आणि तीं आपल्या मंडळींत फार थोड्यांस माहीत आहेत, म्हणून येथें देतों. रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं घालून दिलेल्या नियमांप्रमाणें कार्डाचा अर्ज नाकारल्यास त्याचें कारण लेखी कळविणें बँकेचें कर्तव्य आहे. 'अंतर्गत धोरण' एवढ्यावर समाधान मानण्याचें कारण नाहीं. न मागतां कार्ड गळ्यांत बांधण्यासहि मनाई आहे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षांतून एकदां आपला पूर्ण पत-अहवाल विनामूल्य मिळतो; त्यांत चूक असल्यास ती सुधारून मागतां येते. बँकेनें तक्रारीस ३० दिवसांत उत्तर दिलें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें. ऑनलाइन विक्रीसंबंधीं २०२० सालीं झालेल्या नियमांनुसार कंपनीनें तक्रार-निवारण अधिकारी नेमला पाहिजे, तक्रारीची पोंच ४८ तासांत दिली पाहिजे, व महिन्याच्या आंत तिचा निकाल लाविला पाहिजे. १९१५ ह्या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणी आहे. 'दहाच मिनिटें उरलीं' असली खोटी घाई लावून माल खपविणें, हीहि २०२३ पासून अनुचित रीतींत गणली गेली आहे. ह्या मार्गांस वेळ लागतो, चिकाटी लागते, कधीं पदरांत कांहीं पडतहि नाहीं. परंतु त्यांत आपली मान ताठ राहते. आणि आपल्या एका लेखी तक्रारीनें पुढच्या दहा जणांची वाट थोडी सोपी होते. खोटें बोलून परत मिळविलेल्या पैशानें मात्र कोणाचीहि वाट सोपी होत नाहीं; उलट पुढें खरी तक्रार करणाऱ्याकडे संशयानें पाहिलें जातें.

आणखी एक गोष्ट, ती आम्हां सर्वांस लागू आहे. पार्सल उशिरा आलें कीं दारांतच त्या पोरावर तोंड सोडणें, पत्ता नीट न सांगतां 'शोध कीं' म्हणणें, उन्हांत आलेल्यास पाणीहि न विचारणें, हें सभ्य घरांतूनहि चालतें. तेव्हां आपण यंत्राशीं खोटें बोललों नसूं. पण माणसास यंत्र समजलों. दोन्ही चुकांचें मूळ एकच आहे. आपला शेजारी कोण, हा प्रश्न जुना आहे. आज तो पाठीवर मोठी पिशवी घेऊन दारांत उभा असतो, इतकेंच.

त्या रात्रीं आम्हीं तरुणास एवढेंच म्हटलें, कीं ज्याचें गेलें त्यास आधीं भरून द्यावें, मग बाकीचें पाहावें. दुसऱ्या दिवशीं तो वाडीवर गेला, पोराच्या आईसमक्ष सर्व कबूल केलें, व १,१८० रुपये दिले. पोऱ्यानें पैसे मोजून घेतले, व "लिहून पण द्या, दादा, माझ्या नावावर चोरीचा शेरा आहे" असें म्हणाला. पैशापेक्षां त्यास आपली पत अधिक हवी होती.

तेव्हां तरुण ॲपकडे वळला. 'वस्तु मिळाली नाहीं', 'वस्तु फुटकी निघाली', 'वस्तु आवडली नाहीं' असे पुष्कळ पर्याय तेथें होते. 'मी खोटें बोललों' हा पर्याय कोठेंहि नव्हता. चार दिवस खटपट केल्यावर फोनवर एक मुलगी मिळाली. ती म्हणाली, "सर, पैसे परत घ्यायची आमच्याकडे सोयच नाही." मग त्यानें तक्रार-निवारण अधिकाऱ्यास स्वतःच्या नांवानें व सहीनें पत्र लिहिलें: खोका मिळाला होता, पोंचविणाऱ्याचा कांहीं अपराध नाहीं, त्याच्या नांवावरील शेरा काढावा, आणि मला दिलेले १,१८० रुपये कोणत्या खात्यांत भरूं तें कळवावें. अर्ज व बक्षीस ह्यांविषयींची आपली खरी तक्रारहि त्यानें बँकेकडे निराळ्या पत्रानें केली आहे.

कंपनीकडून पोंच आली, क्रमांकहि आला. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. तेवढे पैसे त्यानें पाकिटांत घालून कपाटांत निराळे ठेविले आहेत, आणि दर सोमवारीं तो एक स्मरणपत्र पाठवितो. परवां तो पोऱ्या पार्सल घेऊन आला, तेव्हां गुरुजी स्वतः उठून त्यास ओसरीवर घेऊन आले, व चहा होईपर्यंत त्यांनीं त्यास आपल्या वाडीचा नकाशा कागदावर काढून दिला.